कच्चा कैदी

“कच्चा का पक्का?” तुरुंगाच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं.

माझ्या आईला वाटलं, तो नातं विचारतोय. “पक्का जी,” ती म्हणाली. “सख्खा लेक हाय माया. अन् हे त्याची मोठी बहीण.”

रांगेत हसू फुटलं. आमच्या मागच्या बाईने आईच्या दंडाला हात लावला. “तसं नाई वं माय. शिक्षा लागली का त्याले, असं पुसून राह्यले ते. शिक्षा लागली का पक्का. केस चालू हाय तवर कच्चा.”

“मंग कच्चा लिवा,” आई म्हणाली. पोराला कमी मार्क पडले हे चारचौघांत सांगावं लागल्यासारखा तिचा चेहरा झाला.

आईच्या तोंडी ‘पक्कं’ या शब्दाला फार मान आहे. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या खेड्यात तिने जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला. घर पक्कं व्हावं आणि पोरांच्या नोकऱ्या पक्क्या व्हाव्यात, एवढंच तिचं मागणं. घर झालं. मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुठेही सांगते. त्यात लाजायचं काय? पण अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते, तिथे मी तासिका तत्त्वावर आहे. तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी. त्यामुळे आई फोनवर ‘जेवली का’ विचारायच्या आधी विचारते, “पक्की झाली का वं?”

भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. बाप गेल्यावर मीच त्याला अमरावतीला माझ्या खोलीवर आणलं. पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे बायपासवर धावायचा, दिवसा नांदगाव पेठेला एका कापड कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली गठ्ठे बांधायचा. धावण्यात त्याला कुणी मागे टाकत नव्हतं. लेखीची तयारी मी घेत होते. शुद्धलेखन, व्याकरण, समानार्थी शब्द. ‘वर्दीत येईन तेव्हा पहिली सलामी तुले,’ असं तो म्हणायचा आणि मी त्याच्या वहीत लाल शाईने काना-मात्रा दुरुस्त करायची.

उन्हाळ्यात त्या कारखान्याच्या स्टोरमधून तांब्याच्या वायरचं बंडल गेलं. त्या पाळीतल्या ठेक्याच्या चार पोरांना पोलिसांनी बोलावलं. तिथे काय बोलणं झालं ते मी नंतर त्याच्याकडून शब्दाला शब्द लावून काढून घेतलं.

“त्या दिवशी तू पाळीवर होता?”

“हाव जी.”

“स्टोरचं कुलूप काढलेलं होतं?”

“हाव जी.”

“माल बाहेर काढताना तू पाहत होता?”

“हाव जी.”

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडचा ‘हाव’ दरवेळी होकार नसतो. मोठा माणूस बोलत असला की मधे मधे ‘हाव जी, हाव जी’ म्हणत राहायचं असतं. ऐकून राह्यलो, बोला पुढं, एवढाच त्याचा अर्थ. गप्प राहणारं पोरगं मुजोर ठरतं. हे आम्हाला घरात शिकवलेलं आहे, पाहुण्याला पाणी द्यायला शिकवतात तसं. विचारणारा साहेब आमच्याकडचा नव्हता. उरलेली तिघं परप्रांतातली पोरं. ती ‘नहीं साब, मालूम नहीं साब’ म्हणाली आणि संध्याकाळी आपापल्या खोलीवर गेली. माझा भाऊ आत गेला.

“काहून हाव म्हणलं रे?” मी पहिल्या भेटीत विचारलं.

“साहेब बोलून राह्यले होते ताई. हुंकारा तं द्यावाच लागन ना.”

पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून धरत नाहीत, हे मला माहीत होतं. मी ते वर्गात शिकवलेलं आहे. पण ते केस चालेल तेव्हा. माणसाला आत टाकायला तीन ‘हाव’ पुरतात, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

वरच्या कोर्टातून जामीन मंजूर झाला त्या दिवशी मी आईला फोन केला, संध्याकाळी घेऊन येते म्हणाले. तिने भरीत-भाकर करून ठेवली. मंजूर होणं वेगळं आणि सुटणं वेगळं, हे मला वकिलाने त्यानंतर सांगितलं. ऐपतदार जामीनदार पाहिजे होता. म्हणजे ज्याच्या नावावर काही जमीनजुमला आहे, जो कोर्टात उभा राहून म्हणेल की या पोराला मी ओळखतो, हा तारखेला येईल, नाही आला तर मी आहे. शक्यतो याच जिल्ह्यातला.

अमरावतीत आम्हाला ओळखणारी माणसं किती? घरमालक, किराणावाला आणि माझं कॉलेज. कॉलेजात मी बोलले नव्हते. तासिकेवाल्या बाईचा भाऊ आत आहे हे कळलं असतं तर पुढच्या सत्रात माझे तास कुणाला तरी दुसऱ्याला गेले असते, आणि कारणही कुणी सांगितलं नसतं. किराणावाल्याचं दुकानच भाड्याचं. घरमालकाकडे गेले. ते वाईट माणूस नव्हेत. म्हणाले, “मॅडम, तुमच्या घरी पोलीस येऊन गेले, तरी मी खोली खाली करा म्हटलं का? नाही ना? मग आणखी काही मागू नका.”

मग बाळापूरला मामाकडे. मामाचं चांगलं काळं वावर आहे, ओलिताचं. दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी तहसीलचे कागद आणले तर चालेल, असं वकील म्हणाला होता. मामाने मला खाटेवर बसवलं, पंखा माझ्याकडे फिरवला.

“भाची, जीव मागशीन तं देतो. पण जमानत नोको मागू.”

“जीव नाई पाह्यजे मामा. सही पाह्यजे.”

आतून मामी बोलली, “अन् उद्या पोट्टा पळून गेला तं? वावर कोणाचं जाईन?”

“तो धावते मामी. पळत नाई.”

मामा हसला. मामी पण हसली. चहा झाला, लिंबाच्या लोणच्याची बरणी बांधून दिली, आणि मी सहीशिवाय अकोल्याच्या गाडीत बसले. लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन मी अख्ख्या रस्त्याने स्वतःशी कायदा घोकत होते. जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर सोडता येतं. रोख रक्कम घेऊन सोडता येतं. सोडता येतं, सोडता येतं. तसा अर्ज आम्ही केलाही. एका तारखेला न्यायाधीश साहेब रजेवर, एका तारखेला सरकारी बाजूचं म्हणणं आलं नाही, एका तारखेला संप. जामीन मंजूर झालेला माझा भाऊ आतच होता.

भेट व्हायची ती काचेच्या आडून, फोनवर. फोन खरखरायचा. तो पहिल्या दोन-चार भेटींत आईची, माझी, घरमालकाच्या कुत्र्याची पण चौकशी करायचा. मग हळूहळू फक्त उत्तरं द्यायला लागला. अंगाला खरूज झाली होती. बराकीत माणसं इतकी, की एका कुशीवर झोपायचं आणि कूस बदलायची तर दोन्ही बाजूच्यांना उठवायचं.

“धावतो का रे थोडंफार?” मी विचारलं.

“कुठं धावू ताई? संडासले जायची लाइन हाय.”

बाहेर पत्र्याखाली बायका बसलेल्या असायच्या. दर भेटीला साधारण त्याच. तिथे वाद चालायचा, रोजचा, आपली पोरं आत का आहेत यावर. एक म्हणायची दारू. एक म्हणायची संगत. एक म्हातारी ठासून सांगायची की मोबाइल आल्यापासून हे झालं. एका दिवशी आई इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यात बोलली. “माया पोरगा दारू पेत नाई. संगत म्हनान तं ते ह्या पोरीची. मंग तो काहून आत हाय?”

“वावर हाय का तुयापाशी?” खिडकीपाशी आईला समजावणारी ती बाई म्हणाली.

“नाई.”

“मंग त्याच्यासाठीच आत हाय. वावर असतं तं संध्याकाळी घरी असता, केलं असतं तरी.”

म्हातारी म्हणाली, “पण मोबाइल बी हायेच.”

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. मला राग आला होता, आणि तो कुणाचा हे ठरत नव्हतं.

त्याच आठवड्यात कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय वर्तमानपत्रातल्या कुठल्याशा बातमीवरून काढलेला: ‘तुरुंगांतील वाढत्या गर्दीला समाजव्यवस्था जबाबदार आहे.’ परीक्षक म्हणून विभागप्रमुखांनी माझं नाव घातलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

अनुकूल बाजूची मुलगी छान बोलली. बेरोजगारी, निरक्षरता, व्यसनाधीनता ही कारणं. उद्ध्वस्त कुटुंब, कलंक, पुन्हा गुन्हेगारी हे परिणाम. तिच्या प्रत्येक शब्दाला मी मनात माझा भाऊ लावून पाहत होते. निरक्षर नाही. व्यसनी नाही. बेरोजगारही नव्हता, कामावरूनच उचलला. परिणाम मात्र सगळे जुळत होते. मग प्रतिकूल बाजूचा मुलगा उठला. आवाज खणखणीत. “मान्यवर, आत गेलेल्यांपैकी कुणीही तिथे सहलीला गेलेलं नाही!” सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

प्रश्नोत्तरांत मी त्याला विचारलं, “ज्याने काही केलं नाही, तो आत गेला तर सुटतो कसा?”

तो गोंधळला नाही. “निर्दोष असेल तर सुटतोच ना मॅडम. न्यायव्यवस्था आहे.”

माझ्यासमोरच्या कागदावर रकाने होते, उच्चार, मांडणी, आत्मविश्वास. मी ते भरले. पहिला नंबर त्याचाच आला. नियमाने त्याचाच यायला पाहिजे होता. बक्षीस घेताना तो वाकून माझ्या पाया पडला. चांगला मुलगा आहे. त्याच्या घरी कुणी आत गेलेलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आमच्या वकिलाचा फोन आला, तुरुंगात येणाऱ्या मोफत सेवेतला तो. तरुण होता, माझ्यासारखाच पहिल्या पिढीचा, बोलण्यावरून कळायचं. म्हणाला, “ताई, पुढच्या तारखेला दोषारोप ठेवतील. भाऊ म्हणतोय, गुन्हा कबूल करतो. पहिला गुन्हा आहे, वयही कोवळं आहे. जेवढी भोगली तेवढीच शिक्षा देऊन सोडतील, असं मला वाटतं. खात्री देत नाही. पण केस लढवायची तर साक्षीदार कधी येतील, मी सांगू शकत नाही.”

“अन् भरती?”

“शिक्षा लागली की चारित्र्य पडताळणीत अडकणारच. तुम्हाला माहीत आहे ते.”

मला माहीत होतं. म्हणूनच मी धावत भेटीला गेले. त्या दिवशी आई नव्हती, मी एकटीच होते. काचेपलीकडे तो बसला तेव्हा मी फोन उचलायच्या आधीच मान हलवत होते, नाही, नाही.

“तू काही कबूल करायचं नाई,” मी म्हणाले. “ऐकून राह्यला का? जन्माचा डाग लागन. वर्दी विसर मंग. चपराशाची नोकरी बी नाई भेटनार.”

“हाव.”

“हाव नोको म्हणू! नाई म्हण. साहेब विचारन, गुन्हा मान्य आहे का. तू म्हणशीन, नाही. बोलून दाखव.”

“ताई, थांब जरा.” त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. हाताच्या बोटांमधली कातडी सोललेली होती. “आमच्या बराकीत एक बुढा हाय. त्याची केस किती वर्षं चालली त्याले आठवत नाई. अन् पलीकडच्या बराकीत पक्के हायेत. त्याइले मालूम हाय कोणत्या दिवशी सुटायचं. भितीवर रेघा मारतेत. आमी काय मोजावं? कच्च्याले तारीख भेटते, पक्क्याले दिवस भेटते. मले पक्कं व्हायचं हाय.”

“तू केलं नाई नं काही!”

“म्हनूनच तं आत हाय. करणारा केव्हाचा गेला.”

“मी लढते ना. मी जामीनदार पाह्यते, अजून दोन ठिकाणी विचारते...”

“तू वादात जिंकशीन ताई. तू नेहमीच जिंकते. मी आतच राहीन.”

मी काचेवर हात मारला. शिपाई म्हणाला, “ओ बाई.” मी माफी मागितली. मग मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. आईची शपथ घातली, बापाचं नाव काढलं, तुझ्यावर इतकी वर्षं मेहनत घेतली असंही म्हणाले. तो ऐकत होता आणि मधे मधे ‘हाव’ म्हणत होता. तो होकार नव्हता हे मला कळत होतं. भेटीची वेळ संपली, फोन बंद झाला.

तारखेच्या दिवशी मी आईला घेऊन कोर्टात गेले. मी अजूनही आशेवर होते. माझ्या मनात एकच भीती होती, साहेबांपुढे त्याच्या तोंडून सवयीने ‘हाव जी’ निघून जाईल. आणलं तेव्हा त्याच्या अंगावर मी दिलेला निळा शर्ट होता, खांद्यातून लोंबणारा. आई दाराशी उभी राहिली. तिला आत यायला नको वाटलं.

साहेबांनी आरोप वाचला. “समजलं का? गुन्हा मान्य आहे का?”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “मला गुन्हा मान्य आहे.”

साहेबांनी पुन्हा विचारलं, कुणाच्या दबावाखाली बोलतोस का? कबूल केल्यावर शिक्षा होऊ शकते, समजतं का?

“समजतं. कुणाचाही दबाव नाही. मी स्वतःहून सांगत आहे.”

हाव नाही, जी नाही. एकही शब्द वऱ्हाडी नाही. लेखी परीक्षेसाठी मी त्याच्याकडून घटवून घेतलेली भाषा, ऱ्हस्वदीर्घासकट. मी शेवटच्या बाकावर बसले होते आणि उठून ओरडावंसं वाटत होतं, हा खोटं बोलतोय, साहेब, याने काही केलेलं नाही. पण कोर्टात आरोपी खोटं बोलून स्वतःला अडकवतोय असं म्हणणाऱ्या बहिणीला कुठला अर्ज करायचा असतो, ते मला माहीत नव्हतं. वकिलाने हात जोडून वय सांगितलं, गरिबी सांगितली. साहेबांनी भोगलेली तेवढीच शिक्षा दिली. त्यांच्या परीने त्यांनी दयाच केली.

आईला फक्त एक शब्द ऐकू आला, सोडा. तुरुंगाच्या दारातून तो बाहेर आला तेव्हा तिने त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. मग तिथेच, रस्त्याच्या कडेला उभं राहून, तिने मामाला फोन लावला.

“दादा, तुयी जमानत नाई लागली पाह्य. पोरगा निर्दोष सुटला माया. हाव, निर्दोष!”

मी तोंड उघडलं. भावाने माझ्या हातातली पिशवी घेतली. “म्हनू दे ताई,” तो हळूच बोलला. “आता वाद नोको.”

आता तो अकोल्याला एका डाळ मिलमध्ये पोती उचलतो. धावत नाही. खरूज गेली, डाग राहिले. सुट्टीच्या दिवशी गावी जातो तेव्हा दिवसभर झोपतो. आईला वाटतं, दमला आहे.

या महिन्यात भरती निघाली. आईला कुणाच्या तरी पोराकडून कळलं. तेव्हापासून ती रोज फोन करते, माझी नोकरी पक्की झाली का हे विचारायचंही विसरते. “त्याले म्हण फारम भर. मी म्हणलं तं बोलत नाई. उठून चालला जाते. तू शिकलेली हायेस, तुयं ऐकते तो.”

मी त्याला फोन केला. “तूच सांग तिले,” तो म्हणाला. “मायाच्यानं नाई होत.”

काल रविवार होता. मी आईला सांगायचं ठरवून फोन लावला. शिक्षा, दोषसिद्धी, चारित्र्य पडताळणी असे शब्द तोंडात येत होते. तिने मला मधेच थांबवलं.

“पोरी, असं पुस्तकातलं नोको बोलू. मले समजंल असं सांग.”

मग मी तसं सांगितलं. “माय, तो सुटला. पण निर्दोष नाई सुटला. त्यानं कोर्टात म्हणलं, मी चोरी केली. म्हणून सोडलं. आता सरकारी नोकरी त्याले कधीच नाई भेटनार.”

पलीकडून शेजारणीच्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

“पण त्यानं केली नाई ना?”

“नाई.”

“मंग?” आई म्हणाली.

माझ्या तोंडात पुन्हा पुस्तकातलेच शब्द आले. तिने पुन्हा विचारलं, “मंग?”